रायडिंग लॉन मोअरचं इंजिन: घरच्या घरी, तास मोजून करायची देखभाल

बसून चालवायच्या लॉन मोअरचं इंजिन गाडीच्या इंजिनासारखं वागवू नका हे आधीच सांगतो, कारण बरीच चांगली इंजिनं तेवढ्यामुळेच वेळेआधी बसतात. गाडीत रेडिएटर असतो, पाणी फिरतं, गाडी पुढे पळते तसं समोरून वारं लागतं. मोअर चालतो माणसाच्या चालीने, इंजिन मात्र ३००० ते ३६०० आरपीएमवर सलग तास दोन तास ओढत असतं, आणि थंड व्हायला त्याच्याकडे फक्त हवा असते. ती हवा पण कुठली, तर आपणच खाली पात्यांनी उडवलेली धूळ आणि गवताची भुसकट भरलेली. त्यामुळे या इंजिनाची निगा म्हणजे मुख्यतः दोन गोष्टी, आत चांगलं ऑइल आणि बाहेर मोकळी हवा. बाकीचं सगळं त्यानंतर.

हे सगळं हवेने थंड होणाऱ्या पेट्रोल इंजिनाबद्दल लिहितोय, मग एक सिलिंडर असो की व्ही आकारात दोन. डिझेल किंवा पाण्याने थंड होणाऱ्या मोठ्या मशीनचं गणित वेगळं असतं.

महिने नाही, तास मोजा

डॅशबोर्डवर अवर मीटर असेल तर उत्तमच, नसेल तर एक छोटी वही मशीनजवळच ठेवा आणि दरवेळी किती वेळ चालवलं ते लिहा. ५० तास ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण गाडी ६० च्या वेगाने ५० तास चालवली तर ३००० किमी होतात, आणि इथे तर सगळा वेळ इंजिन जवळजवळ फुल थ्रॉटलवर असतं.

ढोबळ वेळापत्रक असं धरा. दरवेळी सुरू करायच्या आधी ऑइलची पातळी बघायची आणि इंजिनाच्या वरची हवेची जाळी साफ करायची. २५ तासांनी एअर फिल्टरचा स्पंज धुवायचा. ५० तासांनी ऑइल बदलायचं, काही मोठ्या इंजिनांना कंपनी १०० तास देते, पण तेवढे तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा बदलायचंच. १०० तासांनी किंवा वर्षाने स्पार्क प्लग, कागदी एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर आणि आतल्या फिन्सची, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या थंड करणाऱ्या पातळ पट्ट्यांची सफाई. मशीन नवीन कोरं असेल तर पहिलं ऑइल बऱ्याच इंजिनांना पहिल्या ५ ते १० तासांतच बदलायला सांगितलेलं असतं कारण सुरुवातीला पार्ट एकमेकांवर घासून बसतात आणि धातूचा बारीक चुरा ऑइलमध्ये उतरतो. धुळीच्या जागी काम असेल तर हे सगळे आकडे निम्मे करा, मी स्वतः कोरड्या दिवसांत स्पंज १० तासांतच काढून बघतो.

आणखी एक, जे लोकांना उशिरा कळतं: मोअरचा मॉडेल नंबर वेगळा आणि इंजिनाचा वेगळा. फिल्टर, प्लग, गास्केट हे सगळं इंजिनाच्या नंबरवरून घ्यायचं असतं. तो नंबर इंजिनाच्या वरच्या कव्हरवर किंवा व्हॉल्व्ह कव्हरवर ठोकलेला नाहीतर स्टिकरवर असतो. फोटो काढून ठेवा, कारण दोन वर्षांनी स्टिकर उडालेला असतो.

हात लावायच्या आधी

मशीन सपाट जागेवर, पार्किंग ब्रेक लावलेला, पाती बंद, किल्ली काढून खिशात. मग स्पार्क प्लगची वायर काढून प्लगपासून लांब सरकवून ठेवा, दोन सिलिंडर असतील तर दोन्ही. पाती हाताने फिरवली की काही मशीनमध्ये इंजिन पण फिरतं आणि गरम इंजिन एवढ्यावर एक ठोका मारू शकतं, बोटं जायला तेवढा पुरतो. खाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून कधीच जायचं नाही, घोडी किंवा रॅम्प लावायचा. आणि मशीन कुशीवर आडवं करू नका, ऑइल सिलिंडरमध्ये आणि एअर फिल्टरमध्ये जातं, पेट्रोल सांडतं, मग पुढचा अर्धा दिवस ते निस्तरण्यात.

ऑइल बदलणं

इंजिन आधी पाच-सात मिनिटं चालवा. कोमट ऑइल पातळ होतं आणि तळाचा गाळ सोबत घेऊन बाहेर येतं, थंड ऑइल निम्मा गाळ आतच सोडून येतं. पण फार तापवू पण नका, हात भाजतो. मग बंद करून, किल्ली काढून, प्लगची वायर काढून डिपस्टिक बाहेर काढा, वरून हवा मिळाली की खाली ऑइल सलग धारेने पडतं.

ड्रेन बहुतेक मशीनला इंजिनाच्या बुडाशी बाजूला असतो. काहींना नुसता बोल्ट असतो, काहींना पिळून ओढायचा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह ज्याला रबरी नळी लावता येते. नळी नसली तर ऑइल फ्रेमवर पसरतं, तिथे धूळ चिकटून काळा लगदा होतो, म्हणून नळी लावाच, नाहीतर जाड पुठ्ठ्याची पन्हळ करून खाली धरा. डबा अडीच-तीन लिटरचा घ्या. शेवटचे थेंब पडायला दहा मिनिटं द्या, घाई करू नका.

पडणारं ऑइल बघा, नुसतं डब्यात जमा करू नका. काळं असणं चालतं. पण दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. पेट्रोलचा वास येतोय आणि पातळी भरली होती त्यापेक्षा वर आहे असं दिसलं तर कार्बोरेटरची नीडल (आत येणारं पेट्रोल अडवणारी सुई) नीट बसत नाहीये आणि मशीन उभं असताना पेट्रोल झिरपत झिरपत खाली ऑइलमध्ये उतरतंय. अशा ऑइलवर इंजिन चालवायचंच नाही, आधी नीडल बघायची, मगच नवीन ऑइल भरायचं. बोटावर घेऊन उन्हात धरा, थोडी राखाडी चमक जुन्या इंजिनात असते, पण किस दिसले, नखाला लागतील असे, तर आत काहीतरी तुटतंय किंवा खातंय.

ऑइल फिल्टर असेल तर तो पण आत्ताच. छोट्या सिंगल सिलिंडर इंजिनांना बऱ्याचदा फिल्टर नसतोच, आत ऑइल नुसतं उडवून सगळीकडे मारलं जातं. ज्यांना फिल्टर असतो त्यांच्यात पंप असतो आणि ऑइल दाबाने फिरतं. जुना फिल्टर काढताना खाली फडकं धरा. काढल्यावर त्याचं रबरी गास्केट त्याच्यासोबत आलंय ना ते बघा, कधीकधी ते इंजिनालाच चिकटून राहतं आणि त्याच्यावर नवीन बसवला की दोन गास्केट एकावर एक होतात, मग सुरू केल्या केल्या सगळं ऑइल जमिनीवर. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने नवं ऑइल चोपडा, हाताने फिरवत न्या, रबर टेकलं की तिथून पुढे अर्धा ते पाऊण फेरा. पाना लावून आवळायचा नाही, पुढच्या वर्षी तुम्हालाच काढायचाय.

आता कुठलं ऑइल. हवामान ४ अंशांच्या खाली जात नसेल तर एसएई ३० हे जुनं आणि भरवशाचं. थंडी-ऊन दोन्ही असेल तर १०डब्ल्यू-३०, पण कडक उन्हात हे थोडं जास्त जळतं, पातळी सारखी बघावी लागते. खूप थंडीत सुरू करावं लागत असेल तर ५डब्ल्यू-३०, आणि सिंथेटिक असेल तर दोन्ही टोकांना बरं. चार-स्ट्रोक इंजिनाचंच घ्या, पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोक ऑइल इथे चालत नाही.

सिंगल सिलिंडरला साधारण १.४ लिटर, दोन सिलिंडरला १.९ लिटरच्या आसपास लागतं, पण पुस्तिकेतला आकडा बघून सगळं एकदम ओतू नका कारण आत थोडं जुनं राहिलेलं असतंच. नरसाळ्याने पाऊण भाग भरा, दोन मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून बघा, मग थोडं थोडं. डिपस्टिकला आटे असतील तर ती पूर्ण पिळून बघायची की नुसती टेकवून, हे इंजिनानुसार वेगळं असतं आणि तेवढ्याने पातळीत चांगलाच फरक दिसतो, त्यामुळे हे एकदा पुस्तिकेत बघून घ्याच. भरून झालं की ड्रेन बंद आहे ना परत बघा, इंजिन एक-दोन मिनिटं चालवा, बंद करा, थोडं थांबून परत पातळी बघा. नवा फिल्टर बरंच ऑइल पितो, त्यामुळे थोडं वर घालावं लागतं.

जास्त भरणं म्हणजे इंजिनाची जास्त काळजी नाही. वरच्या खुणेच्या वर गेलं की आत फेस होतो, ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून ऑइल एअर फिल्टरमध्ये जातं, कागदी फिल्टर चिकट होतो आणि मशीन पांढरा धूर मारायला लागतं. जास्त झालं तर काढून टाका, "चालेल तेवढं" म्हणू नका.

जुनं ऑइल गटारात किंवा मातीत ओतायचं नाही. झाकणाच्या डब्यात भरून वापरलेलं ऑइल गोळा करतात तिथे द्या.

फिन्स, सगळ्यात दुर्लक्ष होतं ते इथे

इंजिनाच्या डोक्यावर एक फिरती जाळी असते, तिच्याखाली फ्लायव्हीलचा पंखा. पंखा वरून हवा ओढतो आणि लोखंडी किंवा प्लास्टिकच्या कव्हरच्या आतून सिलिंडरच्या फिन्सवर ढकलतो, म्हणजे रेडिएटरचं काम इथे ते कव्हर आणि त्या पातळ पातळ पट्ट्या करतात. वरची जाळी सगळ्यांना दिसते, सगळे ती साफ करतात. आत काय झालंय ते कव्हर काढल्याशिवाय दिसत नाही.

माझं मशीन एकदा अर्ध्या तासानंतर दमायला लागलं. सुरुवातीला छान चालायचं, मग पिकअप जायचा, उंच गवतात आवाज बसायचा आणि एक करपल्यासारखा वास. मी प्लग बदलला, पेट्रोल बदललं, फिल्टर बदलला, काही फरक नाही. शेवटी कव्हरचे बोल्ट काढले आणि कव्हर उचललं तर सिलिंडरच्या एका बाजूच्या फिन्स दिसतच नव्हत्या. वाळलेलं गवत, धूळ आणि थोडंसं गळलेलं ऑइल यांचा नमद्यासारखा घट्ट थर, बोटाने दाबला तरी दबेना. लाकडी काडीने एकेका खाचेतून तो काढला तर सालीसारखा अखंड निघत होता, त्याच्यावर फिन्सचे ठसे उमटलेले, आणि सिलिंडरच्या बाजूने तो भाजून तपकिरी झालेला. एवढं पांघरूण घेऊन ते बिचारं इंजिन उन्हात काम करत होतं. साफ केल्यावर त्याच दिवशी दोन तास सलग चाललं. तेव्हापासून मी कुणालाही आधी कव्हर काढून बघायला सांगतो, पार्ट नंतर बदला.

करायचं असं. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. कव्हरचे बोल्ट काढताना कुठला लांब कुठला आखूड ते पुठ्ठ्यावर चित्र काढून त्यातच खोचून ठेवा. कार्बोरेटरचं तोंड उघडं पडत असेल तर त्यात फडकं कोंबा. मग लाकडी किंवा प्लास्टिकची काडी, ताठ ब्रश, आणि शेवटी हवा, आतून बाहेरच्या दिशेने. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने फिन्स उकरू नका, अल्युमिनियम आहे, तुटतं. पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने पण नको, पाणी इग्निशन कॉइलमध्ये आणि कार्बोरेटरमध्ये जातं, चिकट कचरा उलट आणखी आत बसतो, आणि इंजिन गरम असेल तर गार पाण्याने डोकं तडकू शकतं.

कव्हरखाली उंदराचं घरटं सापडणं हे पण नेहमीचं आहे, विशेषतः मशीन दोन-तीन महिने उभं असेल तर. वायर कुरतडलेल्या नाहीत ना बघून घ्या. पंख्याची पाती तुटलेली नाहीत ना तेही बघा, एक पातं गेलं तरी हवा कमी होते आणि फ्लायव्हीलचा तोल जातो. कव्हर परत लावल्याशिवाय इंजिन चालवायचं नाही, कव्हर नसेल तर पंख्याची हवा फिन्सकडे न जाता सगळीकडे जाते.

सायलेन्सरभोवतीचं वाळकं गवत याच वेळी काढा. तिथे आग लागते, ही भीती घालायला सांगत नाहीये, खरंच लागते.

आणि गवत कापताना थ्रॉटल पूर्ण ठेवा. "हळू चालवलं तर इंजिनाला आराम" हे इथे उलटं आहे, पंखा इंजिनाच्या वेगानेच फिरतो, वेग कमी केला की हवा कमी आणि भार तेवढाच.

एअर फिल्टर

बहुतेकांना दोन थर असतात, बाहेर स्पंज, आत कागदी. स्पंज कोमट पाण्यात साबण घालून दाबून दाबून धुवा, पिळून मोडू नका, पूर्ण वाळू द्या. त्याला ऑइल लावायचं की कोरडाच बसवायचा हे फिल्टरच्या प्रकारावर आहे: कागदी फिल्टरवरचा स्पंज बऱ्याचदा कोरडाच असतो, एकट्या स्पंजच्या फिल्टरला ऑइल लावून जादाचं दाबून काढायचं असतं.

कागदी फिल्टर धुवायचा नाही. हवेचा पाइप पण लावायचा नाही, कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि मग धूळ सरळ सिलिंडरमध्ये. सपाट जागेवर हलकेच आपटा, जेवढी पडेल तेवढी पडू द्या, आणि उजेडासमोर धरून बघा. पलीकडून उजेड दिसत नसेल तर बदला. काढताना आधी बाहेरचा कचरा ब्रशने झटकून घ्या म्हणजे तो आतल्या तोंडात पडणार नाही. बसवल्यावर रबरी कड सगळीकडून नीट टेकली पाहिजे. आतल्या नळीवर बोट फिरवून बघा, बोटाला मातीचा थर लागला तर फिल्टर बाजूने हवा घेतोय, आणि धूळ पिस्टन रिंगला पॉलिश पेपरसारखी खाते.

स्पार्क प्लग

स्वस्त पार्ट आहे, वर्षातून एकदा बदलून टाकावा, पण काढलेला प्लग फेकायच्या आधी नीट बघावा कारण तो आतली हकीकत सांगतो. फिकट तपकिरी म्हणजे सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, फिल्टर आणि चोक बघा. ओला आणि तेलकट असेल तर ऑइल वर येतंय. पांढरा पडलेला, फोड आल्यासारखा असेल तर इंजिन तापतंय, परत फिन्सकडे जा.

काढायच्या आधी प्लगच्या भोवतीची माती फुंकून किंवा ब्रशने काढा, नाहीतर प्लग निघाला की ती सिलिंडरमध्ये पडते. नव्या प्लगचा गॅप बऱ्याच इंजिनांना ०.७६ मिमी असतो, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, बॉक्समधून बरोबर सेट होऊन आला असेल असं धरू नका. बसवताना पहिले सगळे आटे हाताने जाऊ द्या. दोन फेऱ्यांत अडकतोय असं वाटलं तर काढून परत सरळ लावा, जोर लावला की अल्युमिनियमच्या डोक्याचे आटे जातात आणि ते काम मग तुमच्या हातचं राहत नाही. टेकल्यावर नव्या वायसरच्या प्लगला साधारण अर्धा फेरा, टॉर्क पाना असेल तर इंजिनानुसार २० ते २७ न्यूटन मीटर.

पेट्रोल आणि कार्बोरेटर

काल चाललं, दोन महिने उभं राहिलं, आज सेल्फ मारतोय पण घेत नाही, यात दोष बहुतेक वेळा पेट्रोलचा. पेट्रोल ३० दिवसांतच शिळं व्हायला लागतं, हलका भाग उडून जातो आणि कार्बोरेटरच्या वाटीत चिकट थर बसतो. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, ओल जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळं बसतं. या इंजिनांना सहसा १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं, त्यावरचं पेट्रोल कंपनी स्पष्ट सांगत नसेल तर घालू नका.

एका महिन्यात संपेल तेवढंच पेट्रोल आणा. गरम इंजिनावर टाकी भरू नका. पेट्रोल फिल्टर वर्षाला बदला, नळीला चिमटा लावून, फिल्टरवरचा बाण कार्बोरेटरच्या दिशेने ठेवून. नळी वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या तर ती पण बदला.

कार्बोरेटरची वाटी काढायची वेळ आली तर टाकीचा कॉक बंद करा, खाली कप धरा. वाटीच्या बुडाला नुसता बोल्ट असेल किंवा वायर असलेला सोलेनॉइड असेल. किल्ली फिरवली की हा सोलेनॉइड "टिक" वाजतो, वाजत नसेल तर पेट्रोल पुढे जातच नाही, आणि असे कितीतरी कार्बोरेटर विनाकारण खोलले जातात. वाटीत पाण्याचे थेंब, हिरवट पावडर, चिकट थर काय आहे बघा, कार्ब क्लीनरने धुवा. मेन जेटच्या भोकातून उजेड आरपार गोल दिसला पाहिजे. तार घालून भोक मोकळं करू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि इंजिन कायमचं जास्त पेट्रोल पितं. नायलॉनचा एखादा केस चालतो.

गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगा आणि दांड्या वाकवायच्या नाहीत. वेग वाढवायच्या नादात कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाच्या बाजूने बाहेर येतो.

मशीन अर्ध्या तासाने बंद पडतंय आणि थोड्या वेळाने आपोआप चालू होतंय असं असेल तर बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण ढिलं करा. "फुस्स" आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय.

टॅपेट

सेल्फ मारला की इंजिन एकदा फिरतं, अडतं, परत ढकलल्यासारखं होतं. सगळे बॅटरी बदलतात, मग स्टार्टर बदलतात. बॅटरी चांगली असेल तर टॅपेट बघा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट. सुरू करताना कॉम्प्रेशन कमी करायला कॅमशाफ्टवर एक छोटी यंत्रणा असते, ती एक व्हॉल्व्ह किंचित उघडा धरते. टॅपेट ढिला झाला की तेवढा धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही आणि स्टार्टरला पूर्ण कॉम्प्रेशनशी भांडावं लागतं.

इंजिन थंड पाहिजे, रात्रभर उभं असलेलं उत्तम. प्लग काढा, व्हॉल्व्ह कव्हर काढा. इंजिन हाताने फिरवत प्लगच्या भोकावर अंगठा ठेवा, हवा बाहेर ढकलली जाते तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. पिस्टन अगदी वर आला की भोकात घातलेली लाकडी काडी वर थांबते, तिथून काही इंजिनांना पिस्टन आणखी ६ मिमी खाली न्यायला सांगितलेलं असतं म्हणजे ती कॉम्प्रेशनची यंत्रणा आड येत नाही. आता रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये फिलर गेज घाला, हलकं घासत गेलं पाहिजे. काही सिंगल सिलिंडर इंजिनांना इनटेकला ०.०८ ते ०.१३ आणि एक्झॉस्टला ०.१३ ते ०.१८ मिमी असतं, पण तुमचा आकडा तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेतलाच घ्या, आणि काही इंजिनांना हायड्रॉलिक लिफ्टर असतात तिथे सेटिंग करायचं नसतंच. लॉक नट आवळल्यावर परत मोजा, आवळताना सेटिंग हमखास सरकतं. कव्हरचं गास्केट नवीन.

बॅटरी, थोडक्यात

काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. चालू असताना पण १२ च्याच घरात असेल तर चार्जिंग होत नाहीये. टर्मिनल घासून साफ, आणि मशीन वापरात नसेल तर छोट्या चार्जरवर. सेल्फचा काहीच आवाज नसेल तर इंजिन खोलायच्या आधी सीटचा, ब्रेकचा आणि पात्यांचा सेफ्टी स्विच बघा.

मशीन बरेच दिवस उभं ठेवायचं असेल तर

हंगाम संपताना ऑइल बदलून ठेवा, सुरू करताना नाही, कारण वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल आणि ओल बेअरिंगला महिनोनमहिने लागून राहतात. पेट्रोल एकतर पूर्ण काढा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, नाहीतर ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घालून दोन-तीन मिनिटं चालवा म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचतं. नुसतं टाकीत ओतून ठेवलं तर वाटीतलं जुनं पेट्रोल तसंच सुकतं. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घाला, इंजिन हाताने हळू दोन-चार फेरे फिरवा, प्लग परत लावा. फिन्स आणि सायलेन्सर साफ करून, बॅटरी काढून, कोरड्या जागी. सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबत असाल तर स्टेअरिंगला एक चिठ्ठी बांधा.

परत काढाल त्या दिवशी आधी कव्हरच्या आत टॉर्च मारून बघा घरटं झालंय का, ऑइलची पातळी बघा आणि डिपस्टिकचा वास घ्या, टाकीत ताजं पेट्रोल, फडकं काढलेलं. पहिल्या मिनिटभर तो सिलिंडरमध्ये घातलेल्या ऑइलचा पांढरा धूर येईल, तो जातो. पाच मिनिटं पात्यांशिवाय चालू द्या, बंद करा, खाली वाकून ड्रेन आणि फिल्टरच्या कडेला बोट फिरवा, कोरडं असेल तर कापायला घ्या.